३२ किलो उतरवले, आता ब्लाउजला माया ठेवू की नको?

पोळपाट-लाटणं

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतीच वाचते आहे, लिहायला आज बसले. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ४६, उंची पाच फूट दोन इंच. सदाशिव पेठेत घराच्या पुढच्या खोलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज साडेतीनशे पोळ्या, दोन भाज्या, एक उसळ, चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याची खिचडी. मागची नव्हे, त्याच्या आधीच्या दिवाळीत माझं वजन ९४ किलो होतं. आज सकाळी ६२. भरलेला घरगुती सिलिंडर कधी उचललात? आतला गॅस १४.२ किलो, लोखंड धरून तीस किलोच्या आसपास जातो. तो एक सिलिंडर आणि वर दोन किलो साखर, एवढं अंगावर घेऊन मी दिवसाचे सहा तास तव्यापुढे उभी असायचे. आता माझं मलाच खरं वाटत नाही.

कसं उतरवलं म्हणाल तर गुडघ्यांनी उतरवायला लावलं. जिना उतरताना कठडा धरून, अंग आडवं करून, खेकड्यासारखी एकेक पायरी. डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलायचं तुमचं वय नाही, वजन बदला. आधी चहातली साखर सोडली (दिवसाला सात चहा, प्रत्येकी दोन चमचे, करा हिशेब). मग रात्रीच्या पोळ्या सुटल्या. मग डबे गेल्यावर उरलेली भाजी "कशाला टाकायची" म्हणून संपवायची सवय सोडली, ती सगळ्यात अवघड. पहाटे पाचला सारसबागेपर्यंत चालत जाऊन यायचे, पुढे पर्वती चढायला लागले. पहिल्या वर्षात २३ किलो गेले. नंतर मुलीने मोबाइलमध्ये कॅलरी मोजायचं ॲप घालून दिलं आणि माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे. उंडा वजनकाट्यावर ठेवून मगच लाटायला लागले. गिऱ्हाइकांच्या नव्हे, माझ्या पोळीचा. ४० ग्रॅम, तेल नाही, दिवसाला दोन. ॲपात १०५०चा आकडा ओलांडला की जीव खालीवर.

अडचण इथून पुढे आहे. चार महिने झाले, काटा ६२वर बसलाय. मला आणखी उतरवायचंच आहे असंही नाही, डॉक्टर म्हणाले आता पुरे. पण पुरे म्हणजे करायचं काय, ते कोणी सांगत नाही. उतरवत होते तेव्हा रोज सकाळी उठून एक काम होतं. आता काय काम?

पोळ्या लाटताना मी डोक्याला फडकं बांधते. संध्याकाळी सोडलं की आत मूठभर केस. भर श्रावणात तव्यापुढून उठून आतल्या खोलीत गेले की स्वेटर लागतो, आमच्याकडे लाटायला येणाऱ्या मावशी हसतात. परात उचलायला वाकले आणि सरळ झाले की डोळ्यांपुढे अंधारी, दोनदा ओटा धरला. आणि सांगायला लाज वाटते, पण रात्री साडेबारा-एकला मी श्रीखंडाचे, बालुशाहीचे, अनारशांचे व्हिडिओ बघत पडते. करत नाही, खात नाही, नुसती बघते. यांना वाटलं मी कोणाशी तरी बोलते.

गिऱ्हाइकं हळूच विचारतात, "काही झालं होतं का हो?" सासूबाईंचं मत वेगळंच, पोळीवाली कशी भरलेली दिसायला हवी, गळ्याची हाडं दिसणाऱ्या बाईकडून कोण पोळ्या घेईल.

आता मुद्द्याचं. गौरींसाठी साडी घेतली, ब्लाउज टाकायला गेले. आमचे टेलर काका वीस वर्षं माझी वाढती मापंच लिहीत आलेत. जुने सहा ब्लाउज त्यांनीच आत घेऊन दिले, एकेकाला आतून चार-चार शिवणी आहेत. टेप गळ्यात अडकवून म्हणाले, "ताई, माया किती ठेवू? नेहमीसारखी दीड इंच?" मी गप्प. ठेवावी तर मीच कबूल केल्यासारखं, की परत वाढणार. न ठेवावी आणि वाढले, तर कापड गेलं. "उद्या सांगते" म्हणून निघाले, त्याला आठवडा झाला. त्यांचे दोन फोन येऊन गेले.

खाणं वाढवायचं तर किती, आणि कशाने? चालणं तेवढं पुरतं का? मुलगी जिम म्हणते. की हेच १०५० आता जन्मभर? ज्यांनी खूप उतरवून पुढे टिकवलंय त्यांनी सांगा. बीपीची एक गोळी सकाळी असते, पाच वर्षं तीच. बाकी आजार नाही.

सोमवार पेठ

माया ठेवा. पुण्यात घेतलेलं कापड परत घेत नाहीत, गेलेलं वजन मात्र घरपोच परत देतात.

आता दीक्षित सरांची दोन जेवणं की दिवेकर बाईंचं दर दोन तासांनी खाणं, यावर दोनशे प्रतिसाद पडतील. मी कुरमुरे घेऊन बसलोय.

अवांतर: केंद्र नक्की कुठे? पोळ्या घडीच्या की फुलके?

आतकरवाडी मार्गे

ताई, मी उतरवलं पण टिकवलं नाही, तरी लिहितो. ११४ वरून ७६ वर आलो होतो, २०१८ मध्ये. मग चढत चढत ९९. आज ८८.

चूक कुठे झाली ते अगदी तारखेनिशी सांगू शकतो. ७६ दिसलं त्या संध्याकाळी मित्रांना घेऊन जेवायला गेलो आणि दुसऱ्या दिवशी वजनकाटा माळ्यावर टाकला. काम झालं ना! लग्नात बोहल्यावरून उतरल्यावर मुंडावळ्या काढून ठेवतात, तसं. तुम्ही विचारलंत ना, आता काय काम, तो प्रश्न मला पडलाच नव्हता. मला वाटलं सुट्टी लागली.

दर रविवारी सिंहगड चालू होता, त्यामुळे खात्री होती की मी बिघडणार नाही. गड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर, पण पायथाच बराच उंच, आपली प्रत्यक्ष चढण सहाशे मीटरच्या आसपास. वर गेल्यावर पिठलं, दोन भाकऱ्या, कांदाभजी, मडक्यातलं दही. चढून जे जाळलं ते भज्यांच्या दुसऱ्या प्लेटमध्ये चुकतं व्हायचं आणि उतरताना मी फायद्यात आहे असं समजायचो. २०२०ला घरून काम सुरू झालं, हिंजवडीपर्यंतची धावपळ संपली, गडही बंद. कंबर कधी सुटली कळलंच नाही, कारण दिवसभर बर्म्युडा. बर्म्युडाला इलॅस्टिक असतं, हे लक्षात ठेवा.

आता काटा बाथरूमच्या दाराशी. रोज सकाळी वजन, पण रोजच्या आकड्यावर विश्वास नाही, रविवारी सात दिवसांची सरासरी काढतो. दोन किलो इकडे-तिकडे माफ. तिसरा किलो दिसला की कोणाला न सांगता पंधरा दिवस जुनं वेळापत्रक. त्यावर दोन वर्षं वाढलो नाही.

आणखी एक कोणी सांगत नाही. भूक जात नाही. मला ७६ वर जी लागायची ती ११४ वर कधी लागली नव्हती. मला वाटायचं मीच हावरट.

मायेचं म्हणाल तर माझ्या पँटींना कमरेत ठेवली होती. उसवायला नेल्या तेव्हा टेलर एक शब्द बोलला नाही. त्यानेच जास्त लागलं.

पोळपाट-लाटणं

९९ वाचून पोटात गोळा आला. पण खरं लिहिलंत, बरं वाटलं. भुकेचं तर अगदी माझंच.

सोमवार पेठ, घडीच्या. पत्ता इथे देणार नाही, उधारी मागाल.

चिमूटभर मीठ

मी आहारतज्ज्ञ आहे, कोथरूडला बसते. ताईंना तपासलेलं नाही, तेव्हा तेवढ्याच बेताने लिहिते.

तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलेलं वाक्य मी सगळ्यात आधी घेते. बीपीची ती गोळी ९४ किलोंच्या बाईला दिली होती. वजन उतरतं तसं बीपीही बरेचदा उतरतं, आणि तीच मात्रा मग जास्त व्हायला लागते. वाकून उठताना अंधारी येते आणि समोर तापलेला तवा आहे, शेजारी कढई. याला थांबायचं नाही. उद्याच डॉक्टरांकडे जा आणि बसून व उभं राहून असं दोन्ही बीपी बघायला सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, कमी-जास्त तेच करतील. त्याच फेरीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२, डी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) करून घ्या.

केसांचं. खाणं फार कमी झालं आणि वजन उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस असे मुठीने जातात. मुळं बहुधा शाबूत असतात, पोटात नीट जायला लागलं की काही महिन्यांनी भरून येतात. पण लोह किंवा थायरॉइड हे कारण असेल तर नुसत्या खाण्याने भागणार नाही, म्हणून रक्त आधी.

आणि त्या व्हिडिओंची लाज अजिबात नको. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा खातं कसं करायचं, ते शोधायचं होतं. त्या पोरांना थंडी वाजायची, केस गळायचे, आणि ज्यांना स्वयंपाकाशी कधी देणंघेणं नव्हतं ते पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे. तुमच्या हातात मोबाइल आहे, एवढाच फरक. शरीर उपाशी असलं की मन स्वयंपाकघरात जाऊन बसतं.

आता आकडे. तुमचं वय-उंची धरून नेहमीच्या सूत्राने मांडलं, तर नुसतं पडून राहायला ९४ किलोंच्या शरीराला साधारण १५३० कॅलरी लागत होत्या, ६२ किलोंच्या शरीराला १२१०. हे फक्त पडून. तुम्ही सहा तास उभ्या असता, वर पर्वती. म्हणजे १०५० हा आकडा बिछान्यावरच्या बाईलाही कमी आहे. तरी चार महिने काटा हलला नाही, याची दोन कारणं असू शकतात.

एक, शरीर काटकसर शिकतं. अमेरिकेतल्या वजन उतरवायच्या टीव्ही-स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी तपासले होते, तो अभ्यास २०१६ मध्ये आला. बहुतेकांचं बरंच वजन परत आलं होतं आणि तरीही शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ते फार टोकाचं उदाहरण आहे, तीस आठवड्यांत डोंगर उतरलेली माणसं ती. तुम्ही दीडेक वर्ष घेतलंत. पण तत्त्व तेच. आतकरवाडी, तुमची भूकही त्यातलीच. चरबी घटली की पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, आणि ते लवकर पूर्वीसारखं होत नाही. हावरटपणा नव्हे तो.

दुसरं कारण सांगते, रागावू नका. दिवसाला किती वेळा चव बघता? आणि ती ॲपमध्ये घालता का?

खाणं वाढवायचंच. एकदम नाही, दर दोन आठवड्यांनी शंभर-दीडशे कॅलरी. आणि वाढवायची ती आधी प्रथिनांनी. आयसीएमआरचा नेहमीच्या माणसाचा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, पण एवढं उतरवल्यावर, तुमच्या वयात, क्रिएटिनिन ठीक असेल तर मी १.२ धरते. म्हणजे ७५ ग्रॅम. तुमच्या दोन पोळ्यांतून सहा येतात. दोन अंडी १२, शंभर ग्रॅम पनीर १८, घट्ट वरणाची वाटी सहा-सात, वाळक्या सोयाबीन वड्या २५ ग्रॅम घेतल्या तर १३. जुळवायला बसा, कळेल किती लांब आहात.

पहिल्या आठवड्यात काटा किलो-दीड किलो वर जाईल. तेव्हा घाबरून परत १०५०ला पळू नका. पोळी-भात वाढला की स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, भरतो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी येतं. पाणी आहे ते. चरबीचा एक किलो वाढायला गरजेच्या वर साधारण ७७०० कॅलरी लागतात, आठवड्यात दोन पोळ्या वाढवून एवढ्या होत नाहीत.

रोज काट्यावर उभं राहणं काहींना सोसत नाही, तुम्ही तुमचं बघा. पण अमेरिकेत १९९४ पासून नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री म्हणून एक नोंद ठेवतात. निदान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांनाच तीत प्रवेश. त्यातले बहुतेक जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात आणि दिवसाला तासाभराचा व्यायाम सोडत नाहीत. दीक्षित की दिवेकर, ते ज्याला जे सोसेल ते.

पोळपाट-लाटणं

चव! मी चमच्याच्या टोकाला लावून जिभेला लावते, बास. पंचवीस वर्षं करते आहे, माप कळतं मला. बीपीला उद्या जाते.

पोळपाट-लाटणं

(दोन दिवसांनी.) शब्द मागे घेते.

काल शेगडीशेजारी छोटा वजनकाटा ठेवला, त्यावर स्टीलचा वाडगा. ठरवलं, जेवढं तोंडात जाईल तेवढंच वाडग्यात टाकायचं. तोच चमचा, तेवढाच भरून. बटाट्याची भाजी मिठासाठी एकदा, कोथिंबीर घातल्यावर एकदा. मटकीची उसळ तीनदा, दाणा बोटचेपा झाला का बघायला, आणि दाणा म्हणजे एक दाणा नसतो हे काल कळलं. वांग्याचा रस्सा. काकडीच्या कोशिंबिरीत कूट पुरेसं का. लाटताना फाटलेली एक पोळी, ती गिऱ्हाइकाला जात नाही, तिचा अर्धा मावशींना, अर्धा मला. साडेबाराला सासूबाई आत डोकावल्या. म्हणाल्या, "नैवेद्य कुणाला काढतेस?"

दीडला डबे गेले तेव्हा काटा २३५ ग्रॅम दाखवत होता. वर कुटाची भुकटी चिकटलेली. जमेल तसं ॲपमध्ये घातलं, तर साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे चार महिने मी १०५० नव्हे, चौदाशे खात होते. जे रात्रीचं जेवण मी सोडलं म्हणून सगळ्यांना सांगत होते, ते मी उभ्याउभ्या, ताटाशिवाय जेवत होते.

आणि चौदाशेवर मी वाढत नव्हते! मग ज्या आकड्यावरून रोज रात्री पोटात खड्डा घेऊन झोपत होते तो आकडाच खोटा.

सोमवार पेठ

ताई, वाडग्यातल्या त्या २३५ ग्रॅमचं पुढे काय केलंत? ते नीट सांगितल्याशिवाय धागा बंद होणार नाही.

१०३ पायऱ्या

मी ७१ वर्षांचा आहे. पर्वती रोज, पायऱ्या मोजायची सवय गेली नाही म्हणून हे नाव. पहाटे येता म्हणजे आपली गाठ पडलीही असेल.

साठीत मधुमेह निघाला तेव्हा मी १८ किलो उतरवले. चालणे आणि अर्धपोटी राहणे, दोनच औषधे. साखर सुधारली, मी खूश. पुढच्या वर्षी पुतण्याच्या वास्तुशांतीला पाटावर बसलो, आणि उठता येईना. दोन जावयांनी काखेत हात घालून उभे केले. ८१ किलोंचा असताना उठत होतो आणि ६३ किलोंचा झालो तर उठता येत नाही! फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले, काका, गेलेल्या वजनात पावपट तरी स्नायू असतील, तुम्ही चरबीबरोबर तेही विकून बसलात.

चालण्याने ते परत येत नाहीत. ओझे उचलावे लागते. मी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, दहा-दहाच्या तीन खेपा, इथून सुरुवात केली. भिंतीला हात टेकून जोर. मग लिटरच्या बाटल्या, मग डंबेल्स. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांत आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आहेच, पण शिवाय निदान दोन दिवस ताकदीचा सांगितला आहे. ते दुसरे वाक्य आपण वाचत नाही. बायकांनी तर वाचावेच, हाडांसाठी. तुमचे गुडघे दुखरे होते, तेव्हा पहिले आठ दिवस कुणा जाणत्यासमोर करा. मुलगी जिम म्हणते आहे ना, जा की.

पोळपाट-लाटणं

(पाच आठवड्यांनी, गौरी गेल्यावर.) कबूल केलं होतं म्हणून लिहिते.

बीपी बसून ११२, उभी राहिल्यावर ९०. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली, पंधरा दिवसांनी परत बघून तेवढीच ठेवली. अंधारी गेली. फेरिटिन ९ निघालं, बी-१२ही कमी, त्याच्या गोळ्या सुरू आहेत. केस अजून गळतायत, आज फडक्यात कमी होते की मलाच तसं वाटतंय, सांगता येत नाही.

७५ ग्रॅम जमवायला नाकी नऊ. अंडी आमच्या घरात चालत नाहीत. सोयाबीनच्या वड्या सासूबाईंना मटणासारख्या दिसतात म्हणून चालत नाहीत. (मटण त्यांनी कुठे बघितलं ते विचारायची माझी छाती नाही.) मुगाची धिरडी, उसळ वाटीऐवजी वाडगाभर, पनीर, आणि चक्का. रात्री श्रीखंडाचे व्हिडिओ बघताबघता सुचलं, दही फडक्यात टांगायचं इथपर्यंत तर श्रीखंडच आहे की, साखरेपाशी थांबायचं. सकाळी चक्क्यात मीठ, जिरेपूड आणि काकडी. मीठताई, ६०च्या पुढे जातच नाही, पण पूर्वी मोजलं तर ३५ होते.

चव बघणं बंद करता येत नाही, धंदाच तो. पण आता ताटली ठेवली आहे. चव ताटलीत वाढून घ्यायची, स्टुलावर बसून खायची, मग ती जेवणात धरायची. नुसतं बसायचं म्हटल्यावर निम्म्या चवी रद्द झाल्या. फाटलेली पोळी आता अख्खी मावशींना. आणि सोमवार पेठ, ते २३५ ग्रॅम मी खाल्ले. ताट घेऊन, बसून.

पहिल्या आठवड्यात काटा ६३.४. तीन दिवस धुसफुसत होते, चौथ्या दिवशी १०५०वर परत जायला निघालेच होते, आतकरवाडींना निरोप टाकला. त्यांनी एवढंच लिहिलं, "रविवारपर्यंत थांबा." रविवारची सरासरी ६३.१ होती. आता ताटलीसकट साडेपंधराशे खाते आणि सरासरी ६२.८.

जिम मंगळवार-शुक्रवार, डबे गेल्यावर. शिकवणारा मुलगा चोवीस वर्षांचा, मला आंटी म्हणतो, त्याला ताई म्हणायला शिकवलंय. परवा त्याने दांड्याला चकत्या लावून तीस किलो उचलायला लावले. वजन ऐकून मी आधी हसले. उचललं, उभी राहिले, मावशींना सांगायला हवं असं वाटलं, आणि धाडकन खाली ठेवलं तर ओरडला, सावकाश!

गौरी जेवल्या त्या दिवशी दीडशे पुरणपोळ्यांची ऑर्डर होती. स्वतः पाटावर बसून दीड खाल्ली, तूप घेऊन, कटाच्या आमटीबरोबर. उंडा मोजला नाही. ॲप त्या दिवशी उघडलं नाही आणि दुसऱ्या दिवशी मागचंही भरलं नाही. १०३ काका, पाटावरून एका हाताच्या टेकूने उठले. एक हात अजून लागतो.

ब्लाउज. गौरींना चार दिवस उरले तेव्हा गेले. काका चिडलेलेच होते. म्हटलं, अर्धा इंच ठेवा. म्हणाले, "अर्ध्या इंचात नुसती शिवण बसते, ती काय माया झाली?" मग एक ठेवा म्हटलं. वहीत जुनं दीड खोडून एक लिहिलं. कापड एवढं कमी लागलं, शिलाई मात्र पूर्वीइतकीच घेतली.